मृगाआधी दफ्तर बांधायचं आहे

भरतीची वाट बघत मचवा खाडीच्या तोंडाशी बराच वेळ खोळंबला, त्यामुळे तुम्ही पनवेलच्या बंदराला लागता तेव्हा दिवस चांगला वर आलेला असतो. इसवी १७८५, जूनचा पहिला आठवडा. हे साल इथे कुणाला सांगू नका, कळायचं नाही. इथे चालू आहे सन खमस समानीन मया व अलफ. पाच, ऐंशी, शंभर आणि हजार, म्हणजे अकराशे पंच्याऐंशी. अरबी शब्दांत मोजलं जाणारं हे शुहूर साल सूर्य मृगात शिरला की पालटतं, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. ते पालटायला आता मोजके दिवस उरले आहेत आणि तेवढ्यात कचेरीतलं वर्षाचं दफ्तर बांधून व्हायला हवं. तुम्ही आलात ते त्यासाठीच. तुम्ही उमेदवार आहात. अक्षर बरं, पगार नाही, कमरेला बोरूंची जुडी आणि उपरण्याच्या गाठीत कल्याणच्या सुभ्यातल्या एका कारकुनाची शिफारसचिठ्ठी.

चिखलात उतरा. पाय घोट्याच्या वर रुततो. दोन्ही बाजूंना गलबतं ओढून काठावर घेण्याचं काम चाललं आहे. ती एकदा वर चढली, त्यांच्यावर झाप पडले, की नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद. म्हणून आज बंदरावर सगळ्यांनाच घाई आहे. लमाणांचे बैल गोण्या टाकायला उभे आहेत, परतीला मिठाच्या गोण्या घेऊन त्यांना पावसाआधी बोरघाट चढायचा आहे. घाटात अजून गाडीरस्ता नाही. तो व्हायला १८३० उजाडेल, तोवर देशावरचा आणि कोकणातला सगळा माल बैलाच्या पाठीवरूनच चढतो नि उतरतो. जकातीच्या चौकीवर एक माणूस गोण्या मोजतो आहे, दुसरा मांडीवर कागद धरून लिहितो आहे. पहिला मोठ्यानं आकडा म्हणतो, दुसरा तोच आकडा परत म्हणतो आणि मगच बोरू टेकवतो. दक्षिणेला कर्नाळ्याचा सुळका आहे, पूर्वेला प्रबळ, आणि प्रबळच्या माथ्यावर ढग बसायला लागले आहेत.

हे बंदर आता सरहद्दीवरचं आहे. १७८२ च्या सालबाईच्या तहानं वसई परत आली, पण साष्टी आणि करंजा कंपनीकडे राहिले. मधे फक्त खाडीचं पाणी. सात वर्षांपूर्वी, १७७८ च्या नोव्हेंबरात, मुंबईची पलटण याच काठावर उतरली होती. पुण्याला जायचं म्हणून ती घाट चढली, जानेवारीत वडगावला अडली आणि तह करून माघारी आली. पुन्हा १७८१ मध्ये जनरल गॉडर्ड घाटाखालून मागे हटला तेव्हा मराठी घोडदळानं त्याला पनवेलपर्यंत झोडपत आणलं. अशी वर्षं आली की पहिला प्रश्न पडतो तो धान्याचा आणि दुसरा कागदांचा. दुसऱ्या प्रश्नाबद्दल बखरींत काही येत नाही. या लेखात त्याचंच बोलायचं आहे.

कचेरी म्हणजे एका वाड्याची ओटी आणि मागच्या दोन खोल्या. शिपाई तुम्हाला पायरीशीच थांबवतो, चिठ्ठी आत नेतो. मोठ्या मामल्यात ओळीनं आठ दरकदार बसलेले दिसले असते: दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद, चिटणीस. या कचेरीत माणसं थोडी, कामं तेवढीच. पण कामांची विभागणी मोडलेली नाही, आणि ती का मोडू देत नाहीत हे संध्याकाळपर्यंत तुमच्या लक्षात येईल. फडणीस रोजचं टिपण लिहितो, पत्रांवर तारीख घालतो, पैशाच्या थैल्यांना चिठ्ठ्या बांधतो. पोतदार नाणं पारखतो. पोतनीस शिल्लक सांभाळतो. चिटणीस आलेल्या पत्रांना उत्तरं लिहितो. आणि दफ्तरदार फडणिसाच्या कच्च्या टिपणावरून पक्की खतावणी करतो, महिन्याच्या महिन्याला त्याचा गोषवारा हुजुरात, म्हणजे पुण्याला, पाठवतो. यांतल्या दरकदाराला कमाविसदार, म्हणजे इथला वसूल गोळा करणारा अधिकारी, नेमत नाही आणि काढूही शकत नाही. त्यांची नेमणूक वरून येते. कमाविसदाराच्या हाताखाली बसून कमाविसदारावर नजर ठेवणारी ही माणसं आहेत.

तुम्हाला दफ्तरदाराकडे धाडतात. सगळे त्याला पंत म्हणतात, तुम्हीही म्हणा. त्याचं नाव दफ्तराच्या कुठल्या रुमालात, म्हणजे गाठोड्यात, शोधू नका. तो आणि त्याची वही मी कल्पिली आहे. त्याच्या हातून होणारं काम मात्र पेशवाईतल्या कचेऱ्यांत खरोखर असंच होत होतं, आणि ते करणाऱ्या शेकडो माणसांच्या ओळी आजही वाचता येतात.

"अक्षर दाखव," तो म्हणतो. मान वर न करता.

तुम्ही उजवा गुडघा उभा करून त्यावर जुन्नरी कागद ठेवता, बोरू दौतीत बुडवता आणि घाईनं पहिलं अक्षर काढता. तो हात वर करून थांबवतो. "ओळ आधी. अक्षर मग." मोडीची ही पहिली शिस्त. आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरं जोडत जायचं, हात न उचलता. शब्दांमधे जागा नाही, ऱ्हस्वदीर्घाचा घोळ नाही. वेगासाठी घडलेली ही लिपी आहे, पण तो वेग रेघेला बांधलेला आहे. शेवटी मजकूर संपतो तिथे मोर्तब पडतं, लेखन इथवरच अशी हद्द. त्या शिक्क्यानंतर कुणी एक ओळ वाढवली तर ती उघडी पडते. तुम्ही दोन ओळी लिहिता. पंत वाळूची डबी पुढे सरकवतो. ती ओल्या शाईवर पसरून झटकायची. झटकलेली वाळू परत डबीत जाते.

"बस तिथे. जकातीचं कलम घे."

पुढचे तीन-चार तास तुम्ही फक्त एकच गोष्ट करता. समोर फडणिसाची कच्ची रोजकीर्द. तिच्यात दिवसाच्या क्रमानं सगळं आलं आहे: जमेत जमिनीचा वसूल, जकात, मिठागराचं उत्पन्न, कुणाचा गुन्हेगारीचा दंड, खर्चात शिपायांचे रोजमुरे, देवस्थानाचं नेमणुकीचं तेल, बंदरावरच्या होडीची डागडुजी. प्रत्येक नोंदीला चंद्राची तारीख, तिच्याआधी छ हे अक्षर, मग महिन्याचं नाव. सध्या रज्जब सरत आला आहे. ज्याच्या हातून पैसा आला त्याचं नाव गुजारत म्हणून. तुम्ही यातली जकातीची कलमं तेवढी वेचायची आणि खतावणीत जकातीच्या खात्याखाली उतरायची. उभी रेघ म्हणजे पाव, दोन उभ्या रेघा म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. एक रेघ राहिली तर पाव रुपया गेला. पान संपलं की बेरीज, बेरीज झाली की ती कच्च्या रोजकिर्दीशी रुजू करून घ्यायची. तुम्ही म्हणायचं, समोरच्यानं ऐकायचं, त्यानं म्हणायचं, तुम्ही ऐकायचं. बंदरावर ऐकलं होतं तेच.

ताळा जमत नाही. एका कलमाचा फरक येतो. तुम्ही पुन्हा मोजता, पुन्हा येतो. पंत खतावणीकडे बघत नाही, रोजकिर्दीकडेही नाही. तो डाव्या मांडीखालची वही काढतो.

ही वही म्हणजे या कचेरीतला सगळ्यात कमी शोभेचा कागद. बाडासारखी वरून शिवलेली, कोपरे काळे पडलेले, अर्धी पानं निरुपयोगी झालेल्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजू. ती सरकारी दफ्तराचा भाग नाही. कुणी मागितली नाही, कुणी तपासत नाही. पंतानं ती स्वतःसाठी ठेवली आहे, आणि त्याच्याआधीच्या दफ्तरदाराच्या अशाच वहीतली काही पानं तिच्यात शिवली आहेत. पहिल्या पानांवर अरबी आकडे आणि महिने, चुकू नयेत म्हणून. मग मायने: कुणाला राजश्री लिहायचं, कुणाला अखंडितलक्ष्मीअलंकृत, कुणाला आशीर्वाद, कुणाला नुसती आज्ञा. हा भाग त्यानं मेस्तकावरून उतरवून घेतला असावा. लेखनपद्धतीची ही पुस्तकं कारकुनी घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या नकलली जात, त्यांची सुरुवात हेमाडपंतापर्यंत नेतात. त्यापुढे गावं. उलवे, पारगाव, कामोठे, कळंबोली, पळस्पे. प्रत्येकापुढे त्या गावाचे कोणते कागद कोणत्या रुमालात. आणि शेवटची पानं मोकळी दिसतात पण तीच सगळ्यात महत्त्वाची आहेत: कोणता कागद कोणी नेला, कोणत्या तारखेस, आला की नाही. आला त्यापुढे काट मारलेली. न आलेल्यांची ओळ उघडी.

पंत एका ओळीवर बोट ठेवतो. जकातीची एक यादी कल्याणला रुजुवातीसाठी गेली होती, परत आली ती दोन दिवसांनी, आणि फडणिसानं ती पुन्हा आल्या तारखेस लिहिली. म्हणून कलम दोनदा पडलं. तो खतावणीतली नोंद खोडत नाही. खालीच वजा दाखवतो आणि कारण एका ओळीत लिहितो. खोडलेला आकडा पुढच्या माणसाला काही सांगत नाही, वजा केलेला सांगतो.

दुपारच्या सुमारास ओटीच्या कडेला एक माणूस येऊन बसतो. खाडीकाठच्या गावचा आगरी. पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलेलं. त्याचं म्हणणं कळायला वेळ लागतो, कारण कमाविसदाराचा शिपाई मधेमधे त्याच्या वतीनं बोलतो आणि उलटंच सांगतो. गोष्ट अशी. त्याच्या बापानं खाजण जमिनीला बांध घालून खार काढली. खारं पाणी अडवून भाताखाली आणलेली ही जमीन पहिली काही वर्षं फुकट पोसावी लागते. बांध फुटतो, मीठ उतरायला पावसाळे लागतात. म्हणून सरकार अशा जमिनीला कौल देतं. आरंभी माफी, मग दर साल थोडा थोडा चढता आकार, शेवटी पूर्ण. याला इस्तावा म्हणतात. या माणसाच्या हिशेबानं पूर्ण आकार पुढच्या मृगसालापासून लागायचा आहे. शिपाई म्हणतो, या सालापासून.

"कौल हाय, पंत," तो म्हणतो. "तुमचे दफ्तरान हाय." त्याच्या घरची प्रत टोपीकरांची पलटण उतरली त्या साली घराबरोबर जळाली.

इथे तुम्ही जरा थांबून बघा. कमाविसदार वाईट माणूस असायलाच हवा असं नाही. त्यानं वर्षाच्या आरंभी सरकारात रसद भरली आहे, वसुलाच्या आधीच भरलेली आगाऊ रक्कम, बहुधा सावकाराकडून उचललेली. ती त्याला मृगाच्या आत वसूल करायची आहे. एका खारीचा आकार एक पायरी आधी चढला तर त्याचा तेवढा भार हलका होतो. आणि या आगऱ्याच्या बाजूनं अख्ख्या पनवेलात एकच गोष्ट उभी आहे: समान सबैन सालचा, म्हणजे १७७७-७८ चा, एक कागद, तो असला तर.

मागच्या खोलीत रुमालांची उतरंड लागली आहे. जाड कापडात बांधलेली गाठोडी, प्रत्येकाला बाहेर चिठ्ठी. तुम्ही उठता, समान सबैनचा रुमाल शोधायला. पंत म्हणतो, "तिथे नाही मिळायचा." तो वही उलगडतो. पलटण उतरली तेव्हा दफ्तर घाईनं हलवलं होतं, परत आलं तेव्हा गाठोडी सुटलेली होती. त्या साली ज्यानं ती पुन्हा बांधली त्यानं खारीचे कौल जकातीच्या रुमालात घातले. पंतानं ते दोन वर्षांनी पाहिलं. त्यानं ते जागचे हलवले नाहीत.

तुम्ही विचारता, का? चुकीच्या जागी होते ना?

कारण त्या रुमालाची यादी तोवर कल्याणला गेली होती. यादीत कौल जकातीच्या गाठोड्यात आहेत असंच लिहिलेलं. इथून हलवले असते तर पनवेलात बरोबर आणि कल्याणात खोटं झालं असतं. म्हणून त्यानं कागद होते तिथे ठेवले आणि आपल्या वहीत एक ओळ लिहिली. ही ओळ वाचून तो तुम्हाला गाठोड्याची खूण सांगतो. तुम्ही ते आणता, गाठ सोडता, वाळवीनं एक कोपरा खाल्लेला आहे, पण मजकूर शाबूत आहे. इस्ताव्याचा तपशील साल-दर-साल. पूर्ण आकार सीत समानीनपासून. म्हणजे पुढच्या मृगापासून.

पंत शिपायाशी वाद घालत नाही. तो कौलाची नक्कल तुमच्याकडून करून घेतो, स्वतः असलबरहुकूम म्हणून ताडतो, आणि खतावणीत त्या खारीच्या पुढे या सालचा आकार लिहितो. तीच खतावणी गोषवाऱ्यातून पुण्याला जाणार आहे. आता कमाविसदारानं जास्त घेतलं तर ते त्याच्या स्वतःच्या कचेरीच्या हिशेबात बसणार नाही. दफ्तरदाराला वरून नेमायचं कारण तुम्हाला इथे कळतं. आगरी पागोटं डोक्याला गुंडाळतो. त्याला लिहिता-वाचता येत नाही, पण नक्कल तो दोन्ही हातांत धरून उलटसुलट बघतो आणि मोर्तब कुठे पडलं आहे ते विचारून घेतो.

या वहीचा एक फार लांबचा भाऊ आहे. पनवेलच्या या दुपारच्या पावणेदोनशे वर्षांआधी लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला आर्थर अगार्ड नावाचा माणूस राजाच्या खजिन्याच्या कचेरीत जुन्या दप्तरांवर बसत होता. सन १५७० पासून १६१५ मध्ये मरेपर्यंत, पंचेचाळीस वर्षं. चार ठिकाणी विखुरलेले कागद, कातड्याच्या गुंडाळ्या, पेट्या, थैल्या. त्यानं कोणत्या पेटीत काय आहे याच्या याद्या केल्या, टिपणांच्या वह्या भरल्या. कागदांचा घात कशानं होतो हेही त्यानं मोजून लिहून ठेवलं: आग, पाणी, उंदीर, आणि जागचुकी. मग त्यानं पाचवी गोष्ट जोडली, ती म्हणजे सरळसरळ उचलून नेणं. त्याच्याच काळात तिथल्या राजदरबारी कागदांचा रखवालदार थॉमस विल्सन मंत्र्यांच्या घरी गेलेले सरकारी कागद परत मिळवायला झगडत होता. पंताला यातलं काही माहीत नाही आणि माहीत असायचं कारणही नाही. तरी त्याच्या वहीतले भाग बघा. वाळवी आणि पाणी यांच्यासाठी दर पावसाळ्याआधी तपासणी. जागचुकीसाठी गावांची पानं. आणि उचलून नेण्यासाठी शेवटची उघड्या ओळींची पानं. माझ्या मते या पाचांत शेवटच्या दोन गोष्टीच खऱ्या घातक. आग लागली तर सगळ्यांना दिसते. कागद जागचा हलला किंवा कुणा वजनदार माणसाच्या घरी राहिला तर काहीच दिसत नाही. कचेरी तशीच चालते, फक्त कुणाचा तरी कौल सापडत नाही.

संध्याकाळी बांधणी सुरू होते. रुमाल उघडून कागद उन्हात दिले होते ते आत येतात. कडुनिंबाचा पाला मधे घालतात, गाठोडी जमिनीपासून उंच फळ्यांवर चढतात, भिंतीपासून हातभर लांब. कोकणातल्या भिंतीला पावसाळ्यात पाणी सुटतं. प्रत्येक गाठोडं बांधण्याआधी पंत त्यातल्या कागदांची संख्या म्हणतो आणि तुम्ही चिठ्ठीवर लिहिता. ज्या ओळी उघड्या आहेत त्या तो मोठ्यानं वाचतो. एक फर्द अजून कमाविसदाराच्या घरी आहे. शिपायाला पाठवतात. फर्द येते. काट.

वर्षाचा ताळेबंद आणि गोषवारा वेगळे बांधून उद्या घाट चढतील. त्यांच्याबरोबर पुण्यापर्यंत चला, पण तिथे फार रेंगाळू नका, कारण तिथली रीत मोठी आणि गजबज मोठी. नाना फडणिसांचा तो भराचा काळ. पेशवे सवाई माधवराव अकरा वर्षांचे. हुजूर दफ्तरात चालते दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर असे दोन भाग. चालत्या दफ्तरात फड, बेहडा आणि सरंजाम. बेहड्याच्या शाखेत प्रांताप्रांताचा पुढच्या सालचा अंदाज मांडतात. एकबेरजेत रोजकिर्दी येऊन खातेवार तर्जुमे आणि खतावण्या होतात. तुमच्या हातची जकातीची बेरीज तिथे कल्याण प्रांताच्या एका ओळीत जिरून जाईल. एका खारीचा इस्तावा त्या ओळीत दिसणार नाही, पण ओळ खरी असेल.

पुढे काय झालं ते सांगायलाच हवं. दुसरा बाजीराव १७९६ मध्ये गादीवर आला. त्यानं महाल मक्त्यानं द्यायला सुरुवात केली, हिशेब बघणं सोडलं, हुजूर दफ्तरातली माणसं जवळजवळ संपुष्टात आणली. लोक दफ्तरातून कागद घेऊन जाऊ लागले आणि त्यांचं त्यांना हवं ते करू लागले. १८१८ मध्ये राज्य गेलं तेव्हा कंपनीच्या एल्फिन्स्टनच्या माणसांना १७२९ पासूनच्या दफ्तरात शेवटच्या वीस-एक वर्षांचीच बाजू सगळ्यात लंगडी मिळाली. हे नेहमी पेशवाईच्या ऱ्हासाच्या यादीत कुठेतरी खालच्या क्रमांकावर लिहिलं जातं. मला ते वरच्या क्रमांकावर लिहावंसं वाटतं. मक्तेदार आल्यावर रयतेच्या बाजूनं बोलणारी जी एक गोष्ट कचेरीत होती, वरून नेमलेल्या माणसानं वेळच्या वेळी लिहिलेली ओळ, तीच नाहीशी झाली.

उरलेल्या दफ्तराची किंमत नव्या सरकारला पटकन कळली, ती वेगळ्या कारणानं. कुणाचं इनाम खरं, कुणाचं खोटं हे ठरवायला पुरावा तोच. १८५२ च्या अकराव्या कायद्यानं इनाम कमिशनला बळ आलं तेव्हा शेकडो घराण्यांचं नशीब पुण्याच्या रुमालांत कोणती ओळ सापडते यावर आलं. मग रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांनी त्या दफ्तरातून वेचे काढले. ते सातारकर राजे आणि पेशवे यांच्या रोजनिशीचे खंड म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी छापले गेले, आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तराचे पंचेचाळीस खंड काढले. हे सगळं मिळूनही त्या हजारो रुमालांतला छोटासा भागच छापील झाला आहे. दरम्यान मोडी शाळेतून गेली, कचेरीतून गेली. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा तालुक्या-तालुक्यात मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली. कपाटं उघडली, कागद होते. वाचणारे थोडे होते, आणि कोणत्या कपाटात काय आहे हे सांगणारे त्याहून थोडे.

तो आगरी जिथून आला त्या खाडीकाठावर आज नवी मुंबईचा विमानतळ उभा आहे. उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, खाजण भरलं. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध जासईला १९८४ च्या जानेवारीत गोळीबार झाला, माणसं गेली. विमानतळाला त्या लढ्याच्या नेत्याचं, दि. बा. पाटलांचं, नाव द्यावं अशी मागणी या गावांनी केली. त्या सगळ्या वर्षांत या गावांतल्या घराघरांत एकच प्रश्न विचारला जात होता: कागद आहे का, आणि कुठे आहे.

पनवेलचा तो काळ तुम्हाला स्वतः चाळायचा असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात अर्ज करून बसता येतं. पेशवे दफ्तरात घडणी, पागा, प्रांत अजमास, रोजकीर्द असे विभाग आहेत. पनवेल म्हणून विचारू नका, कल्याण प्रांत म्हणा. साल अरबीत सांगावं लागेल. मृगानंतरच्या महिन्यांसाठी इसवी सनातून ५९९ वजा करा, जानेवारीपासून मृगापर्यंतच्या महिन्यांसाठी ६००. म्हणजे मे १७८५ चा कागद हवा असेल तर ११८५, खमस समानीन. त्याच सालच्या जूनअखेरचा हवा असेल तर ११८६, सीत समानीन. तारखेआधीचा छ पाहिला की पुढचा आकडा चंद्राचा समजा. आणि मोडी येणारं कुणी बरोबर न्या, किंवा आधी शिकून घ्या. वर्ग आजही चालतात.